वाचनालयासाठी घेतलेलं दोन पोरांचं सॉफ्टवेअर, सव्वा वर्ष वापरून

आधीच सांगतो, नाव टाकणार नाहीये. खाली बरंच वाईट लिहिलंय आणि कंपनी म्हणजे जेमतेम दोन पोरं आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण लिहायचं ठरवलं कारण आमच्यासारखी छोटी वाचनालयं हल्ली सारखी विचारतात की कॉम्प्युटरवर घ्यायचं तर काय घ्यावं, आणि आम्ही या पोरांचे अगदी पहिले गिऱ्हाईक, त्यामुळे बाळंतपणापासून सगळं बघितलंय.

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. साडेअकरा हजार पुस्तकं, चालू सभासद साडेचारशेच्या आसपास, पगारी माणसं दोन, ग्रंथपाल बाई आणि शिपाई. मी कोषाध्यक्ष, म्हणजे फुकट. आधी कोहा नावाच्या लायब्ररी सॉफ्टवेअरचा विचार केला होता. ते न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररीसाठी बनलं, २००० च्या जानेवारीत सुरू झालं, कारण त्यांचं जुनं सॉफ्टवेअर वायटूके मध्ये, म्हणजे २००० साल लागताना तारखांचा जो घोळ होणार होता त्यात, टिकणार नव्हतं. ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत, आणि आज जगभर मोठमोठ्या लायब्रऱ्या वापरतात. चांगलंच आहे. पण ते बसवायला आणि सांभाळायला लिनक्सवाला माणूस लागतो आणि आमच्याकडे प्रिंटरमधे कागद अडकला तरी शाळेतल्या सरांना बोलवावं लागतं. म्हणून ही पोरं आली तेव्हा म्हटलं बघू, ब्राऊजरमधे उघडतं, बसवायचं काहीच नाही, आणि पहिले सहा महिने फुकट.

डेमो कार्यकारिणीच्या मीटिंगमधे झाला. पडद्यावर रंगीत गोल चार्ट, कुठल्या वयाचे वाचक काय वाचतात, महिन्याचा ट्रेंड, वाचकांना बॅज, पुस्तकांना स्टार. वीस मिनिटं बोलला पोरगा, इंग्लिश मिसळून, घाम फुटलेला. शेवटी आमच्या अध्यक्षांनी (वय ७८) शांतपणे विचारलं, "छान आहे रे, पण पुस्तक द्यायचं कुठून?" पोरगा मेन्यूत शोधायला लागला. खरंच शोधायला लागला! तिसऱ्या पानावर होतं बटण.

तरी घेतलं. फुकट होतं ना.

पहिला महिना नुसता वैताग. सकाळी नऊला बाई लॉगिन करणार आणि पांढरा पडदा, पाऊण मिनिट काहीच नाही. बाईंना वाटायचं नेट गेलं, त्या राऊटर बंद-चालू करायच्या, मग राऊटरला यायला दोन मिनिटं, तोवर दारात चार पेन्शनर पेपर वाचायला उभे. पंधरा दिवस हे चाललं तेव्हा कुठे कळलं की या पोरांनी सॉफ्टवेअर फुकटच्या होस्टिंगवर ठेवलेलं, आणि तिथे अर्धा तास कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो. पहिला येणारा त्याला उठवतो. आणि पहिला येणारा म्हणजे रोज आमच्या बाईच, कारण दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं! मी फोनवर म्हटलं, अरे बाबांनो, महिन्याला किती लागतात जागं ठेवायला? म्हणे पाचसहाशे. मग ते द्या की, दुकान उघडायचं आणि शटर अर्धं ठेवायचं याला काय अर्थ आहे. दोन दिवसांत मुंबईच्या पैसेवाल्या सर्व्हरवर नेलं, तेव्हापासून तो त्रास गेला तो गेलाच.

मग जुना डेटा. आमच्याकडे २००९ पासूनच्या एक्सेल फायली होत्या, सगळं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधे, टाईप केलेलं. ज्यांनी ते केलंय त्यांना माहितीये, फॉन्ट काढला की खाली नुसता कचरा, इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं. पोरांनी "इम्पोर्ट एक्सेल" बटण दिलेलं, बाईंनी भोळेपणाने दाबलं आणि साडेअकरा हजार पुस्तकं शिव्यांच्या भाषेत आत गेली. ती काढून, युनिकोड करून (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा अक्षरांत) परत भरायला तीन आठवडे. हे मात्र त्यांनी स्वतः केलं, आमच्याकडून एक पैसा न घेता, आणि जिथे कन्व्हर्टर चुकला तिथे बाईंना फोन करून एकेक नाव विचारलं.

आता गंमत ऐका. युनिकोड झाल्यावर सभासदांची यादी लावली तर काळे आडनावाचे लोक कावळेंच्या आधी. बाई म्हणाल्या हे चुकलं, ळ ह च्या नंतर येतो, शब्दकोश काढून बघ. क्षीरसागर क मधे जाऊन बसलेले आणि ज्ञानदेव ज मधे. पोरगा म्हणाला मॅडम कॉम्प्युटर तसंच लावतो. बाई तीस वर्षं कॅटलॉग कार्डं लावतायत, त्या म्हणाल्या मग कॉम्प्युटर चुकतो. आणि त्याच बरोबर होत्या! युनिकोडच्या कोष्टकात ळ चा नंबर ल आणि व च्या मधे आहे, कारण ती मांडणी सगळ्या भारतीय लिप्या एका साच्यात बसवायला केलेली, मराठी बाराखडी डोळ्यासमोर ठेवून नाही. डेटाबेस त्यांचा पोस्टग्रेस आहे, त्यात भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय २०१७ पासून आहे, मराठीचा क्रम सांगितला की ळ, क्ष, ज्ञ गुपचूप शेवटी जातात. एका ओळीचं काम होतं म्हणे. पण ती ओळ लागते हेच माहीत नव्हतं, कारण पुण्यात बसून टेस्ट करताना यादीत सगळी नावं टेस्ट १, टेस्ट २ अशी होती.

कुऱ्हाडे आडनावाचं तर आणखी वेगळं. आमच्याकडे कुऱ्हाडे सात घरं आहेत, त्यातली चार शोधून सापडायची नाहीत. पडद्यावर अक्षर तेच दिसतं, पण तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकदा नुक्तावाला ऱ आणि एकदा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं. हे शोधायला पोराला दोन रात्री लागल्या, सापडल्यावर रात्री साडेअकराला मेसेज, "काका कुऱ्हाडे मिळाले!!!" मला वाटलं कुणी हरवलं होतं.

स्कॅनर पण असाच. दीड हजाराचा बारकोड स्कॅनर घेतला. कादंबऱ्यांना के आणि पुढे नंबर असा कोड ठेवलेला. काही पुस्तकं बरोबर सापडायची, काहींना "पुस्तक उपलब्ध नाही". हातात पुस्तक आहे आणि पडद्यावर उपलब्ध नाही! शेवटी लक्षात आलं की स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच, त्यामुळे बाईंनी नाव लिहायला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावलेला असला की स्कॅनर पण मराठीतच टाईप करतो, आणि मोठ्या के चा होतो ख. के-४४१७ च्या जागी ख-४४१७. उपाय म्हणून पोरांनी आधी सूचना लिहिली, लाल अक्षरात, "स्कॅन करण्यापूर्वी कीबोर्ड इंग्लिश करा". बाईंनी एकदा वाचली आणि सोडून दिली, पन्नास पुस्तकं परत घेताना कोण कीबोर्ड बदलत बसणार. दोन महिन्यांनी सूचना काढली आणि सॉफ्टवेअरनेच ख ला के समजायला सुरुवात केली. हे दोन महिने आधी का नाही केलं ते देवाला ठाऊक.

खरी सुधारणा कधी झाली तर जुलैमधे, दोघातला धाकटा आठ दिवस आमच्याकडे येऊन बसला तेव्हा. त्याचं आजोळ इथून जवळच, जेवायची सोय झाली. संध्याकाळी पाच ते साडेसात देवघेवीच्या टेबलाशी, बाईंच्या शेजारी स्टूल टाकून, हातात वही. काही बोलायचा नाही. बाईंनी माऊसला हात लावला की वहीत एक रेघ. पहिल्या संध्याकाळी पानभर रेघा झाल्या, बाईंनाच लाज वाटली, म्हणाल्या मी काही चुकतेय का रे बाळा. तो म्हणाला, नाही मॅडम, आम्ही चुकलोय.

कारण बाईंची पद्धत बघा. सभासद दारातून आत येतो तेव्हाच त्यांना त्याचा नंबर पाठ असतो, तो टेबलाशी पोचेपर्यंत जुन्या पद्धतीत कार्ड बाहेर काढलेलं असायचं. कार्डावर नंबर, शिक्का, झालं, दहा सेकंद. सॉफ्टवेअरमधे आधी सभासद हे पान, तिथे नाव शोधा, मग त्याचं प्रोफाइल, मग "नवीन व्यवहार", मग पुस्तक शोधा, मग तारीख, मग "तुम्हाला खात्री आहे का?" खात्री आहे बाबा, माणूस समोर उभा आहे!

नवव्या दिवशी तो पुण्याला गेला आणि पंधरा दिवसांनी जे आलं ते वेगळंच होतं. उघडलं की एकच चौकट. सभासद नंबर टाका, एंटर, पुस्तक स्कॅन करा, झालं. परत घेताना तर सभासद नंबरही नको, नुसतं स्कॅन. माऊस नाहीच. चार्ट, बॅज, स्टार सगळं गायब. थोरल्याने चार्ट बनवायला म्हणे तीन महिने घातले होते, तो थोडा रुसला असं धाकटा सांगत होता. आमच्याकडे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही की चार्ट गेले.

सगळं गोड नाहीये. सप्टेंबरमधे एका शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, न सांगता अपडेट टाकला आणि तारखा अमेरिकन झाल्या. पाच जूनला दिलेलं पुस्तक सहा मे ला दिलं असं समजून तीस दिवस जास्तीचा दंड. आमचे एक सभासद आहेत, निवृत्त पोस्टमास्तर, चाळीस वर्षांत एक दिवस उशीर नाही. जूनमधे ते आजारी होते आणि कार्यवाहांनी त्यांना मुदतवाढ दिली होती, ती धरून सगळं वेळेत होतं, आणि त्यांना पावती निघाली तीस रुपये. ते काही बोलले नाहीत. तीस रुपये टेबलावर ठेवले आणि महिनाभर वाचनालयात पाऊल टाकलं नाही. मी पोरांना एवढा ओरडलो की बायको बाहेर आली बघायला. थोरला स्वतः एसटीने आला, मास्तरांच्या घरी जाऊन पैसे परत दिले आणि माफी मागितली, चहा पिऊन परत गेला. मास्तर आता येतात, पण पावती चष्मा लावून दोनदा वाचतात. आणि अपडेट आता फक्त सोमवारी येतो, आमची साप्ताहिक सुट्टी असते तेव्हा, आदल्या दिवशी मेसेज करून.

पैशाचं बोलायचं तर सहा महिने संपल्यावर महिना चारशे नव्व्याण्णव, कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे. इथे गाडी अडली. संस्थेच्या खात्याला कार्ड नाही, यूपीआय नाही, चेकवर दोघांच्या सह्या लागतात, आणि खर्च वर्षाच्या बजेटमधे मंजूर असावा लागतो. महिन्याचं महिन्याला आपोआप कापणारं काही आमच्या ऑडिटरला दाखवलं तर तो उभाच राहील. पोरांना हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यांनी जे बघून किंमत लावली ती सगळी परदेशी सॉफ्टवेअरं. चार महिने आम्ही पैसे द्यायला तयार आणि त्यांच्याकडे घ्यायला रस्ता नाही, असा विनोद. आता वर्षाला एकदम पाच हजार, छापील बिल, चेक पोस्टाने. जीएसटी लावत नाहीत, उलाढाल वीस लाखांच्या आत आहे म्हणून लागत नाही, तेवढंच आम्हाला बरं. धाकटा म्हणाला चेक घ्यायला लागल्यापासून अकरा वाचनालयं झाली, त्याआधी वर्षभरात तीन.

अजून काय वाईट आहे तर दिवाळी अंक. त्यांची वेगळी वर्गणी, तीन दिवसांत परत, एकावेळी एकच, हे त्यात धड बसत नाही, मागच्या दिवाळीला बाईंनी सरळ जुनी वही काढली. मोबाईलवर उघडलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. नेट गेलं की सगळं ठप्प, ऑफलाईन काही नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे नेट कसं असतं ते विचारू नका. रोजच्या रोज सगळा डेटा एक्सेलमधे उतरवून घ्यायची सोय मात्र आहे, ती मी पहिल्या दिवशी मागितली होती, आणि तुम्ही पण कुणाचंही सॉफ्टवेअर घ्या, हे आधी मागा. उद्या पोरांना नोकरी लागली तर?

पाचपैकी साडेतीन. डेमोच्या दिवशी विचारलं असतं तर एक दिला असता, तो पण घामाचा.

राहता राहिली दाखल नोंदवही, म्हणजे नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक चढवायची वही. तपासणीला साहेब येतात तेव्हा त्यांना ठराविक रकान्यांतच लागते आणि सॉफ्टवेअरची प्रिंट दोन पानांवर तुटते, त्यामुळे बाई अजून प्रत्येक नवीन पुस्तक आधी कॉम्प्युटरवर आणि मग हाताने वहीत, असं दोनदा चढवतात. परवा वहीच्या पानाचा फोटो काढून थोरल्याला पाठवला. त्याने अंगठा टाकलाय. अंगठा म्हणजे साधारण दोन आठवडे, हात जोडले तर महिना, एवढं आता आम्हाला कळायला लागलंय.