जिवाणू संवर्धक आणावं, की जमिनीतल्या जिवाणूंनाच खाऊ घालावं?

पिकाच्या मुळांना चिकटलेल्या मातीत जिवाणू आणि बुरशी बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. पानांत तयार झालेल्या साखरेचा काही हिस्सा पीक मुळांवाटे बाहेर सोडतं आणि त्यावर ही मंडळी जगतात. बदल्यात कुणी हवेतलं नत्र पकडतं, कुणी मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतं, कुणी रोगकारक बुरशीला मुळापर्यंत येऊच देत नाही. मुळांभोवतीच्या या पट्ट्याला १९०४ मध्ये लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने ‘ऱ्हायझोस्फियर’ हे नाव दिलं.

ही मंडळी पाकिटातून, म्हणजे संवर्धक म्हणून, आणून सोडायची, की जमिनीत आधीच असलेल्यांची सोय करायची? माझं मत आधीच सांगतो. पिकत्या, जिवंत जमिनीत दुसरा मार्ग पहिला. पण काही ठिकाणी संवर्धकाला पर्याय नाही, आणि तिथे हात आखडता घेऊ नये.

असं पहिलं ठिकाण म्हणजे शेंगा धरणारी द्विदल पिकं. रायझोबियम हा जिवाणू त्यांच्या मुळांवर गाठी करून नत्र देतो, पण पिकांच्या प्रत्येक गटाचा रायझोबियम वेगळा. वाटाण्याला चालणारा सोयाबीनला चालत नाही. ज्या जमिनीत ते पीक कधीच घेतलेलं नाही, तिथे त्याचा जोडीदार नसण्याची शक्यता मोठी. तिथे बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला जिवाणू लावणं, करायलाच हवी. याउलट तेच पीक गेल्या काही वर्षांत घेतलं असेल आणि गाठी भरपूर आल्या असतील, तर नव्या पाकिटाने फारसा फरक पडत नाही; जमीन आम्लधर्मी असेल तर मात्र हे जिवाणू लवकर कमी होतात.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादं रोप ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट उचला, पाण्यात हलकेच धुवा आणि एखादी गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर नत्र पकडण्याचं काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. पांढरट किंवा हिरवट दिसली तर गाठ आहे, पण काम नाही. गाठी मुख्य मुळाच्या वरच्या भागात दाटीने असतील तर बियाण्याला लावलेला जिवाणू लागू पडला असं समजायला हरकत नाही. बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्याच जिवाणूंच्या. आणि गाठी कमीच असतील तर आधी नत्रखताचा डोस आठवा. आयतं नत्र मिळालं की पीक गाठींवर साखर खर्च करत नाही.

दुसरं ठिकाण रोपवाटिका. कोकोपीट, निर्जंतुक केलेलं माध्यम किंवा उन्हाने तापवलेले वाफे यांत मुळात वस्तीच विरळ असते, त्यामुळे आणलेल्या जिवाणूंना जागा मिळते. रोपं कोलमडण्याच्या रोगावर ट्रायकोडर्मा ही बुरशी इथे चांगली उपयोगी पडते. ती रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेढून त्यांच्यावरच जगते. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडी करून त्यांना स्फुरद पुरवणारी बुरशी, हीही रोप लहान असताना मुळाशी द्यावी. कोबी, मोहरी, पालक, बीट यांच्यासाठी ती घेऊ नका. या कुळांशी तिची जोडी जमतच नाही.

उघड्या शेतात ओतलेल्या अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पकडणारा जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल मी सावध आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते स्फुरद छान विरघळवतात. शेतात मात्र आधीच्या वस्तीशी स्पर्धा आणि जिवाणू खाणारे सूक्ष्मजीव यांच्यामुळे त्यांची संख्या लवकर घसरते. कधी फायदा दिसतो, कधी काहीच नाही.

आता जमिनीतल्या वस्तीला खाऊ घालण्याचा मार्ग. तो सावकाश आहे, एका हंगामात जादू दिसत नाही. पण त्याची ताकद पाहायची तर गव्हाची मुळं काळी पाडणारा टेक-ऑल हा बुरशीजन्य रोग पाहा. एकाच शेतात सतत गहू घेतला की हा रोग काही वर्षं वाढतो आणि मग पुष्कळ ठिकाणी ओसरतो, कारण मुळांवर स्युडोमोनास गटातले, या बुरशीला मारक रसायन बनवणारे जिवाणू वाढलेले असतात. ती माती निर्जंतुक केली की हा गुण जातो. थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली की तिथेही येतो. म्हणून गव्हावर गहू घ्यावा असं नाही, पण वस्ती जमली की ती कोणत्या थराला जाते हे यातून कळतं.

सोय करायची म्हणजे पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, आच्छादन, कमी नांगरट, पिकांची फेरपालट. नांगराने मायकोरायझाचे तंतू तुटतात, आणि जमीन दीर्घकाळ उघडी पडीक ठेवली तर मायकोरायझाची संख्या घटते. पुढच्या पिकाला मग स्फुरद आणि जस्त कमी पडतं. स्फुरदखत जास्त झालं तरी ती मागे हटते. एक धोकाही आहे. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे सुमारे ८० भाग कर्ब असतो, जिवाणूंना २५ च्या आसपास पुरतो. काड पेरणीच्या तोंडावर गाडलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. काड गाडायचंच तर बरंच आधी, नाहीतर वर पसरून ठेवा.

तरीही निर्णय होत नसेल तर शेताचा एक पट्टा संवर्धकाविना सोडा आणि शेजारच्या पट्ट्याशी गाठी, मुळं आणि उत्पादन ताडून पाहा. पाकीट घेताना जिवाणूचं नेमकं नाव, जिवंत संख्या आणि मुदत वाचा. उन्हात तापलेलं पाकीट नको, रायझोबियम उष्णता सोसणारे बीजाणू करत नाही, उष्णतेने मरतो. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वात शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.