बॉस्टनची स्कॉटिश पेटी: एका खजिनदारणीचा अभिप्राय

हॉटेलांचे, पार्लरचे आणि गादीवाल्यांचे अभिप्राय सगळेच लिहितात. मी एका धर्मादाय संस्थेचा लिहितेय, आणि त्यातही तिच्या कारभाऱ्यांचा. संस्थेचं नाव स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी, गाव बॉस्टन, स्थापना 6 जानेवारी 1657. त्याच वर्षी मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, म्हणजे काळाचा अंदाज यावा. संस्था आजही चालू आहे. पश्चिम गोलार्धातली सर्वांत जुनी धर्मादाय संस्था आम्हीच, असं ते सांगतात.

मी लग्नाआधी सांगलीत बँकेत कॅशवर होते. लग्नानंतर इथे अमेरिकेत आल्यावर ज्या मराठी मंडळात गेले तिथे हे कुणीतरी बाहेर फोडलं आणि खजिनदारपद गळ्यात पडलं ते पडलंच. आमच्या मंडळात अडीअडचणीसाठी एक फंड काढायचं घाटत होतं: कुणाचा व्हिसा लटकला, कुणी अचानक गेलं आणि पार्थिव भारतात न्यायचं आहे, अशा वेळी लगेच हाताशी पैसे हवेत. सभेत सगळ्यांचा भर एकाच प्रश्नावर, फंडाचा अध्यक्ष कोण? पैसे कुणाच्या सहीने निघणार, कधी निघणार आणि कधी अजिबात निघणार नाहीत, हे विचारणारी मी एकटी. म्हणून मी बाहेरगावच्या लोकांनी परमुलखात काढलेली जुनी मंडळं धुंडाळायला लागले आणि या पेटीपाशी येऊन थांबले.

पेटी म्हणजे अक्षरशः पेटी. लंडनमध्ये स्कॉटिश लोकांची अशी एक पेटी सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. बॉस्टनमध्ये 28 जणांनी सह्या करून ठरवलं की आपणही एक करायची. आत येताना प्रत्येकाने निदान बारा पेन्स टाकायचे, पुढे दर तिमाहीला सहा पेन्स. त्यातून मदत आपल्यापैकी कुणाला, किंवा अडलेल्या दुसऱ्या कुणा स्कॉटिश माणसाला. पेटी सांभाळणारा कसा असावा तेही लिहिलंय: चांगल्या नावाचा, देवाला भिऊन असणारा आणि लोभाचा तिटकारा असलेला. शिक्षण, वक्तृत्व, ओळखीपाळखी यातलं काही मागितलेलं नाही. बँकेत आमचे हेडकॅशियर माणूस निवडताना हेच बघायचे, फक्त देवाच्या जागी ऑडिटर असायचा.

पण खरं कलम पुढचं आहे. पहिली सात वर्षं पेटीतून कुणालाही, कशासाठीही काही काढायचं नाही. कारण दिलंय की पेटी अजून अज्ञान आहे, वयात आलेली नाही. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. गरजू माणसं तेव्हा समोर नव्हती असं थोडंच? होतीच. थंडी बॉस्टनची, माणसं कफल्लक. तरी सात वर्षं हात लावायचा नाही असं आपणहून लिहून द्यायचं आणि त्याखाली सह्या करायच्या, याला काळीज लागतं. आमच्याकडे फंड सुरू झाला की दिवाळीच्या आत त्यातून हॉलचं भाडं निघतं.

मी कॅशियरच्या सवयीने हिशेब मांडला. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. 28 जणांचे बारा-बारा पेन्स म्हणजे 28 शिलिंग, म्हणजेच 1 पौंड 8 शिलिंग. तिमाहीचे सहा पेन्स सगळ्यांनी न चुकता भरले तर वर्षाचे 2 पौंड 16 शिलिंग. सात वर्षांचे 19 पौंड 12 शिलिंग. दोन्ही मिळून बरोबर 21 पौंड. आता या आकड्याला महत्त्व का, तर त्याच सुमाराला त्याच गावात एका स्कॉटिश कैद्याची किंमत 20 ते 30 पौंड होती.

ती गोष्ट सांगितल्याशिवाय या पेटीचा कारभार कळणार नाही. 3 सप्टेंबर 1650 ला स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने स्कॉटिश फौज मोडली. हजारो कैदी दक्षिणेकडे इंग्लंडात हाकलत नेले, डरहमच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, कोंबले. भुकेने आणि रोगाने तिथे माणसं पटापट मेली. (2013 मध्ये कॅथीड्रलजवळ बांधकाम करताना त्यांतल्या काहींचे सांगाडे निघाले आणि पुढे 2018 मध्ये त्यांना रीतसर पुरलं.) जगले त्यांतले 150 जण ‘युनिटी’ नावाच्या जहाजात घालून बॉस्टनला पाठवले आणि विकले. त्यांतले बरेचसे सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्याने घेतले. बॉस्टनचे धर्मगुरू जॉन कॉटन यांनी 1651 च्या जुलैत क्रॉमवेलला पत्र लिहून कळवलं, की यांना कायमचं गुलाम केलेलं नाही, सहा, सात किंवा आठ वर्षांपुरतंच विकलंय. ‘पुरतंच’ हा माझा शब्द, पण पत्राचा सूर तोच. 1650 च्या डिसेंबरात आलेल्याची सात वर्षं 1657 च्या अखेरीस भरतात. पेटीवर सह्या करणारे सगळे कैदी नव्हते हे खरं, पण त्यांच्या आजूबाजूला कोण माणसं होती हे वेगळं सांगायला नको.

सॉगसचा कारखाना बघता येतो, आणि या अभिप्रायातला हा भाग निव्वळ सहलीचा. बॉस्टनच्या उत्तरेला दहा-बारा मैलांवर सॉगस नदीकाठी आहे, राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, तिकीट नाही. मूळ कारखाना 1646 च्या सुमाराला सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आतबाहेर बंद पडला. आज दिसतं ते 1948 ते 1954 मध्ये खणून, शोधून पुन्हा उभारलेलं आहे. माझा थोरला भाऊ अण्णा साखर कारखान्यात फिटर होता, तो आला होता तेव्हा त्याला घेऊन गेले. म्युझियममध्ये तो कधी रमत नाही. इथे मात्र रेंजरबाईंनी पाणी सोडलं, लाकडी चाक कुरकुरत फिरायला लागलं आणि आतल्या दांड्याने हातोडा उचलला, तशी अण्णाची मान एकदम पुढे. “अगं, या आसाला वंगण काय घालत असतील? विचार की तिला.” मी विचारलं. बाईंनी चरबी असं सांगितलं. अण्णाचं समाधान झालं. मग तो नदीकाठच्या काळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या मळीच्या ढिगाजवळ गेला. ती मळी साडेतीनशे वर्षांपूर्वीची, खरीखुरी आहे. इमारती नव्या पण कचरा मूळचा. “हे उपसणारे कोण?” म्हणाला. मी डनबारचं सांगितलं. “म्हणजे ऊसतोड कामगारांसारखी उचल घेऊन आणलेली माणसं?” उचल घेऊन नव्हे, पकडून आणि विकून आणलेली, असं मी म्हटलं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग गाडीत बसल्यावर विचारलं, “आणि यांचा मुकादम कोण होता?”

मुकादमाच्या प्रश्नावरूनच मी पुन्हा कारभाऱ्यांकडे येते. या संस्थेचा कारभार सरळ रेषेत चाललेला नाही. सुरुवातीच्या काही वर्षांनंतर गाडं थंडावलं आणि 1684 मध्ये संस्था पुन्हा नव्याने उभी करावी लागली. म्हणजे नियम कितीही चोख असला तरी दर तिमाहीला वर्गणी गोळा करत दारोदार फिरणारा माणूस लागतोच, हे त्यांच्याही वाट्याला आलं. पुढे अमेरिकन क्रांतीत तर मोठीच फाटाफूट झाली. स्कॉटिश व्यापाऱ्यांमध्ये राजाच्या बाजूचे बरेच. मार्च 1776 मध्ये ब्रिटिश फौजेने बॉस्टन सोडलं तेव्हा असे राजनिष्ठ लोक जहाजांत बसून हॅलिफॅक्सला गेले. दहा वर्षांनी, 1786 मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या नव्या राज्याकडून संस्थेने रीतसर सनद घेतली. ज्या सरकारविरुद्ध आपले बरेच लोक उभे होते त्याच सरकारच्या दारात नोंदणीला जायचं! त्या काळच्या कार्यकारिणीच्या बैठका कशा झाल्या असतील याची मी कल्पना करू शकते. आमच्याकडे गणपतीच्या मूर्तीच्या उंचीवरून दोन गट पडले होते.

आता त्यांच्या एका अध्यक्षाबद्दल, कारण हा माणूस माझा आवडता आणि नावडता दोन्ही आहे. डॉ. विल्यम डग्लस. स्कॉटलंडमधून 1718 मध्ये बॉस्टनला आला आणि तिथेच स्थायिक झाला. 1721 मध्ये गावात देवीची साथ आली तेव्हा अख्ख्या बॉस्टनमध्ये वैद्यकाची पदवी असलेला हा एकटाच. पदवी होती म्हणून जीभही तशीच. कॉटन मादर या धर्मगुरूला (वर ज्यांचं पत्र सांगितलं त्या जॉन कॉटन यांचा हा नातू) त्याच्या घरातल्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने टोचणीची रीत सांगितली होती, म्हणजे देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचून त्याला मोठ्या आजारापासून वाचवायचं. मादरच्या सांगण्यावरून झॅब्डील बॉयलस्टन या गावातल्या वैद्याने लोकांना टोचायला सुरुवात केली. डग्लसने त्याला कडाडून विरोध केला. पत्रकं काढली, वर्तमानपत्रांतून झोडपलं. त्या साथीत बॉस्टनमध्ये 844 माणसं गेली. बॉयलस्टनने टोचलेल्या दोनशे चाळीसहून जास्त लोकांपैकी गेले ते सहा. डग्लस चुकला होता. पुढे त्याचा विरोध बराच निवळला, पण मोठ्या मनाने माफी वगैरे नाही.

आणि हाच माणूस पुढे या सोसायटीचा अध्यक्ष होता. मॅसॅच्युसेट्समधलं डग्लस नावाचं गाव त्याच्या नावावर आहे, कारण त्याने तिथल्या शाळेसाठी पैसे आणि जमीन दिली. मला यात पेटीची ताकद दिसते. अध्यक्ष तोंडाळ असला, गावात निम्म्या लोकांशी त्याचं वाकडं असलं, तरी त्याने पेटी बुडवली नाही आणि पेटीने त्याला डोक्यावर बसू दिलं नाही. वर्गणी किती, मदत कुणाला, पैसा कुणी सांभाळायचा, हे सगळं कागदावर होतं. अध्यक्षाच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नव्हती. अध्यक्षाच्या स्वभावावर ज्या मंडळाची दिवाळी अवलंबून असते त्याने इथून काहीतरी घ्यावं.

उणं सांगायचं तर ते पहिल्या कलमापासूनच आहे. मदत आपल्याच माणसाला. 1657 मध्ये ते समजण्यासारखं होतं. परक्या गावात तुमचं दुसरं कोण होतं? आज संस्था मुख्यतः स्कॉटिश वंशाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. चांगलंच आहे, पण विकत आणलेल्या माणसांच्या गावात सुरू झालेली पेटी आज कॉलेजची फी भरते, तेव्हा अडलेला माणूस कोण हे तिने मधेअधे नव्याने ठरवायला हवं असं मला वाटतं. आजूबाजूला अडलेल्यांची वाण नाही, फक्त त्यांची आडनावं मॅकने सुरू होत नाहीत.

त्या मानाने शिकागोचे स्कॉटिश लोक मला जास्त चलाख वाटले. त्यांची इलिनॉय सेंट अँड्र्यू सोसायटी 1845 ची, बॉस्टनपुढे लहानच. पण त्यांनी नेमका एक प्रश्न धरला: म्हातारी माणसं. 1910 मध्ये शहराबाहेर वृद्धाश्रम उघडला, 1917 मध्ये तो जळला, पुन्हा बांधला, आणि आज तिथे स्मृती गेलेल्यांचीसुद्धा देखभाल होते. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेची, सुरुवातही 1981 मध्ये शिकागोतच झाली, आणि त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. संमेलनांत मोठ्या गायकाला आणायला आपल्याकडे पैसे जमतात. चहाच्या रांगेत मात्र कुणाच्या आईला कुठल्या नर्सिंग होममध्ये वरणभात मिळत नाही याच गप्पा असतात. शिकागोची मराठी आणि स्कॉटिश माणसं एकाच शहरात राहतात, एकदा जाऊन त्यांचे हिशेब बघायला काय हरकत आहे?

तारे द्यायचेच तर बॉस्टनच्या पेटीला पाचपैकी चार. एक कापला तो ‘आपलाच माणूस’ या कलमासाठी. सॉगसला पाच, पण उन्हाळ्याच्या हंगामात जा, आणि चाक फिरतं तेव्हाची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर नुसत्या लाकडी इमारती बघून याल. वाटेत पायऱ्या आणि उतार आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. खाण्याचं सोबत न्या.

आमच्या फंडाचं म्हणाल तर मी सभेत सात नाही, तीन वर्षं हात न लावण्याचा ठराव मांडला. दोन वर्षांवर तडजोड झाली. अध्यक्ष कोण हे अजून ठरायचंय.