धड्याचं रेकॉर्डिंग: ऑडॅसिटी, गॅरेजबँड की रीपर?

धडा रेकॉर्ड करताना बोलायला वेळ लागत नाही, चुका काढायला लागतो. कुठे शब्द अडखळतो, कुठे वाक्याच्या मधोमध खोकला येतो. पुढच्या वर्षी त्यातलं एखादं उदाहरणच बदलावंसं वाटतं. म्हणून मी सॉफ्टवेअर पाहताना आधी हेच पाहतो, की चुकलेलं वाक्य त्यात किती सहज बदलता येतं.

ऑडॅसिटी मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यातली ‘पंच अँड रोल’ ही सोय शिक्षकाने पहिल्याच दिवशी शिकावी. चुकलं की थांबायचं, कर्सर चुकीच्या जरा आधी न्यायचा आणि शिफ्ट-डी दाबायचं. मागची काही सेकंदं हेडफोनमध्ये ऐकू येतात आणि त्याच लयीत तुम्ही पुढे बोलू लागता. त्यामुळे सांधा सहसा कळत नाही. मात्र कर्सरच्या पुढचं जुनं बोलणं यात पुसलं जातं, म्हणून ही सोय रेकॉर्डिंग चालू असतानाची. पूर्ण झालेल्या धड्यातलं मधलंच वाक्य बदलायला नाही.

भाषा शिकवणाऱ्यांना त्यातली लेबलं, म्हणजे रेकॉर्डिंगवर हव्या त्या जागी लावायच्या नावाच्या खुणा, फार उपयोगी पडतात. वीस वाक्यं सलग बोलून घ्या, मग प्रत्येकाच्या सुरुवातीला लेबल लावा. एक्स्पोर्ट करताना प्रत्येक लेबलची वेगळी फाईल निघते. पट्टी न बदलता वेग कमी करता येतो आणि विद्यार्थ्याला वाक्य म्हणून पाहायला मध्ये हवी तेवढी शांतता घालता येते.

उणीव एक मोठी आहे. पंख्याची घरघर काढणारा ‘नॉइज रिडक्शन’ मूळ आवाजावरच कायमचा बसतो. प्रकल्प बंद केला की ‘अनडू’ही उरत नाही. जास्त घरघर काढायला जावं, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ‘स’-‘श’मधला फरक पुसट होतो. उच्चार शिकवणाऱ्याला हे परवडणारं नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंगची वेव्ह (WAV, न दाबलेली) प्रत आधी वेगळी ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोमध्ये (एकाच वाहिनीत) मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. तेवढी जागा खुशाल द्या.

रीपर इथे निश्चिंत ठेवतं. काटछाट कितीही करा, मूळ फाईल जशीच्या तशी राहते. तेच वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं तरी आधीचा टेक (आधी बोललेली प्रत) हाताशी असतो. ‘रिपल एडिटिंग’ चालू ठेवलं, तर मधलं वाक्य काढताच पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं. पण मेन्यू अफाट आहेत, हात बसायला काही आठवडे लागतात, आणि ६० दिवसांच्या चाचणीनंतर परवाना विकत घ्यावा लागतो. वर्षभराची मालिका करायची असेल, निवेदन, पाहुणा, संगीत असे अनेक ट्रॅक सांभाळायचे असतील, तर ही मेहनत वसूल होते. चार धड्यांसाठी नको.

गॅरेजबँड फक्त ॲपलच्या यंत्रांवर आहे, मोफत आहे आणि दिसायला सोपं. संगीत शिकवणाऱ्याने तेच घ्यावं: साथीचा एक ट्रॅक, त्यावर स्वतःचा गळा, आणि विद्यार्थ्याला रियाजासाठी द्यायची प्रत गळ्याचा ट्रॅक बंद करून काढायची. निव्वळ बोलण्यासाठी मात्र ते आडवळणाचं वाटतं. नव्या रिकाम्या प्रकल्पात वरच्या मोजपट्टीवर मिनिटं-सेकंद नसतात, तालाची मोजणी असते. ती आधी बदलावी लागते.

एकच आवाज, एकच फाईल आणि थोडी काटछाट, एवढंच काम असेल तर ओसेनऑडिओही पुरेल. त्यात अनेक ट्रॅक नाहीत, पण इफेक्ट लावण्याआधी त्याचा परिणाम ऐकता येतो.

काहीही निवडा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा, आणि सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या मापकावर सर्वांत मोठे आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या; शून्य ही त्याची कमाल मर्यादा. शून्याला टेकून फाटलेला आवाज यातलं कुठलंच सॉफ्टवेअर पूर्ववत करू शकत नाही.