सीपीएलसाठी फ्लाइंग स्कूल: निम्मे तास उडून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते. सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना; त्यासाठी मी जिथे शिकतेय ती संस्था विमान चालवायला उत्तम शिकवते, पण चालवायला विमान वेळेवर मिळत नाही. शिकवण्याला पाचापैकी साडेचार गुण, विमानांच्या उपलब्धतेला दोन, होस्टेल-मेसला तीन. नाव देत नाही. घाटावरची आहे, धावपट्टी स्वच्छ आहे, आणि मी अजून तिथेच उडतेय. मला सांगायचंय ते कुठल्याही संस्थेला लावून बघता येईल.

मी देवगडची. घरात कलमांची बाग आणि धाकट्या काकांचे दोन ट्रॉलर. विमानाशी संबंध कुणाचाच नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे बारावी सायन्सच्या वर्गात पायलट व्हायचं म्हणणारी दोनचार मुलं दरवर्षी निघतात, आणि त्यांचे आईवडील कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन करतात. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, 'कुठली संस्था चांगली?' त्याआधी तीन कामं असतात आणि ती घरी बसून होतात.

पहिलं, मेडिकल. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू ही वैद्यकीय तपासणी होते, त्यानंतर तिच्याहून कडक क्लास वन. कमर्शियल परवान्याला क्लास वन लागतंच. रंग ओळखण्यात दोष निघाला तर सगळं तिथेच थांबू शकतं. चष्मा असला तर मात्र घाबरू नका, चष्म्यासकट नजर नीट असेल तर चालते. ऐकण्याची चाचणी, ईसीजी, रक्त, सगळं बघतात. एखादा मुद्दा काढून तात्पुरतं अनफिट केलं तर तो निस्तरायला महिने जातात. संस्थेत पैसे भरून झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं. क्लास वन हातात येईपर्यंत कुणालाही एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका, सीट जाईल असं कितीही सांगितलं तरी.

दुसरं, पेपर. एअर नेव्हिगेशन, मेटिरिऑलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, आणि ज्या विमानावर उडणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात 70 टक्के लागतात. शिवाय आरटीआर, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याची परीक्षा. माझ्यासोबतची जी मुलं पेपर न देता आली, ती सकाळी फ्लाइंगची वाट बघतात आणि रात्री नेव्हिगेशनची गणितं सोडवतात. दोन्हीकडे मागे पडतात. मी नेव्हिगेशन आणि मेट घरून अभ्यास करून आधीच काढले होते. मेट मला फार आवडला. संध्याकाळचे खारे वारे आणि पहाटेचे मतलई वारे आमच्या बंदरावर पोरंटोरं सांगतील. देवगडला पडणारा पाऊस गगनबावड्याला किती वाढतो आणि घाट उतरून पूर्वेला गेलं की कसा आटतो, हे एसटीच्या खिडकीतून कित्येकदा बघितलेलं होतं. पुस्तकात त्याची कारणं मिळाली.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितेय: रेडिओवरच्या इंग्रजीचं दडपण घेऊ नका. तिथली वाक्यं ठरलेली असतात, आणि आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने ठरवलेली इंग्रजीची चौथी पातळी मिळाली की परवान्यासाठी पुरते. मी घरी मोबाईलवर स्वतःचे कॉल रेकॉर्ड करून ऐकायचे. एका मोसमात सवय झाली.

तिसरं काम पैशाचं, आणि यात कोकणातल्या घरांची अडचण वेगळी आहे. भारतात 200 तासांचा सीपीएल मल्टिइंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसकट (एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि नुसत्या उपकरणांवर उडवणं, यांची पात्रता) साधारण 45 ते 60 लाखांत जातो. नोकरीसाठी पुढे एअरबस ए320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाची पात्रता, लागतं, ते आणखी 15 ते 20 लाख. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आम्हाला वाटलं, हापूसची बाग आहे, काळजी नाही. पण थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा 2002 चा सरफेसी कायदा आहे, शेतजमीन त्याच्या बाहेर आहे, बँकेला ती त्या मार्गाने वसूल करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँका बागेकडे बघायलाच तयार नसतात. त्यात आमचा सातबारा सामाईक; आजोबांच्या भावंडांपासूनची नावं अजून त्यावर आहेत, निम्मे वारस मुंबईत. शेवटी डोंबिवलीच्या मोठ्या काकांनी आपला फ्लॅट तारण ठेवला. हे ऋण मी शब्दांत मांडू शकत नाही. ज्यांच्या घरी असा फ्लॅट नाही त्यांनी बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव यांचा विचार आधी करावा, आणि वाटणीपत्र राहिलं असेल तर मुलगा अकरावीत असतानाच ते उरकावं.

आता संस्था. पुण्या-मुंबईच्या शिक्षण मेळ्यांत स्टॉल असतात, चकचकीत माहितीपत्रकं असतात, गणवेशातले फोटो असतात. त्यात इंडिगोने 2023 मध्ये 500 विमानांची ऑर्डर दिली आणि एअर इंडियाने 470 ची, हे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. आकडे खरे आहेत. पण तुम्ही तिथे विकत घेणार आहात उड्डाणाचे तास, आणि ते महिन्याला किती मिळतील हे माहितीपत्रकात कुठेच नसतं.

धाकट्या काकांनी मला निघताना एकच सांगितलं होतं: "गो बाय, पैशे भरूच्या आदी थंयची इमानां मोज. उडतत ती मोज, उभी आसत ती नको." बंदरात नांगरून पडलेला ट्रॉलर मासळी आणत नाही, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक. मी फोंडा घाट चढून, तीन संस्था फिरून तेच केलं आणि आजही तेच करायला सांगेन.

मोजायचं कसं? सकाळी सातला डिस्पॅचजवळ, म्हणजे उड्डाणं ठरवणाऱ्या कक्षाजवळ, उभं राहायचं. हँगरमध्ये विमानं किती, त्यातली इंजिनाचं कव्हर काढून ठेवलेली किती, फ्लाइट लाइनवर किती. विमानांवरचे व्हीटीने सुरू होणारे नोंदणी नंबर लिहून घ्यायचे आणि त्यातले दिवसभरात किती धावपट्टीवर गेले ते बघायचं. ठरावीक तासांनंतर प्रत्येक विमान तपासणीला जातंच, 50 तास, 100 तास. त्यामुळे सगळी एकाच वेळी कधीच उडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण महिनोन् महिने एका सुट्या भागासाठी थांबलेलं विमान माहितीपत्रकात मात्र मोजलेलं असतं. मग विद्यार्थी मोजायचे. इथे ऑफिस 'चालू बॅच' सांगतं. तुम्ही जुन्या बॅचमधले अडकलेले, तास पूर्ण होऊन चेकसाठी (परीक्षेच्या उड्डाणासाठी) थांबलेले, सगळे मेसमध्ये जाऊन विचारा. इन्स्ट्रक्टर किती आणि त्यातले सुट्टीवर किंवा एअरलाइनच्या मुलाखतीला गेलेले किती, तेही. तरुण इन्स्ट्रक्टर स्वतःच एअरलाइनची वाट बघत असतात, ते गेले की तुमचं शिकणं नव्या माणसाबरोबर पुन्हा मागून सुरू होतं.

हिशेब सरळ आहे. महिन्याला 20 तास मिळाले तर 200 तासांना दहा महिने. 10 मिळाले तर वीस. पाच मिळाले तर तीन वर्षं आणि चार महिने. 40 लाखांचं पूर्ण कर्ज उचललेलं असेल तर 11 टक्क्यांनी महिन्याला 36 हजारांच्या वर नुसतं व्याज होतं, त्यावर होस्टेल आणि मेस. स्वस्त संस्था अशी महाग पडते.

माझ्या संस्थेत पहिला मोसम छान गेला. दिवाळी ते फेब्रुवारी हवा शांत, आठवड्याला चारपाच सॉर्टी (उड्डाणं) मिळायच्या. पहाटेच्या धुक्यात व्हिजिबिलिटी पाच किलोमीटरच्या खाली असली की व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडवणं, बंद, म्हणून नऊपर्यंत बसून राहायचो, पण दिवस भरून निघायचा. मग दोन विमानं एकापाठोपाठ मोठ्या देखभालीला गेली आणि त्याच वेळी नवी बॅच भरली. माझी याबद्दल खरी तक्रार आहे. विमानं कमी होणार हे त्यांना माहीत होतं, देखभालीचं वेळापत्रक त्यांच्याकडेच असतं. तरी प्रवेश थांबवले नाहीत. लेखी विचारलं तर 'लवकरच' एवढंच उत्तर. मार्चपासून मला आठवड्याला एखादी सॉर्टी मिळाली, आणि तेवढ्या अंतराने उडलं की हात मागे जातो. आधीच्या खेपेला जमलेलं लँडिंग पुन्हा गिरवावं लागतं, तेही स्वतःच्या पैशाने.

एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन तापून हवा इतकी उसळते की नवख्यांना वर सोडत नाहीत, आणि संध्याकाळी वळीव. जूनपासून ढगांचा तळ खाली. तरी घाटापलीकडचा पर्जन्यछायेचा भाग म्हणून थोडंफार उडता येतं. बारामती, धुळे, जळगाव, शिरपूर इकडे शाळा का दिसतात ते यावरून कळेल. आमच्या किनाऱ्यावर पावसाचे चार महिने शिकाऊ विमान बहुतेक जमिनीवरच राहील. म्हणून वार्षिक सरासरी विचारू नका. मागच्या वर्षीचे तास महिन्यागणिक मागा. देत नसतील तर पुढच्या संस्थेत जा.

धावपट्टीही बघा. एअरलाइनची विमानं येतात तिथे रेडिओचा सराव उत्तम होतो, पण होल्डिंगला (धावपट्टीबाहेर पाळीची वाट बघत) इंजिन चालू ठेवून थांबावं लागतं आणि चाकापुढचे चॉक्स काढल्यापासूनचा वेळ तुमच्या खात्यात पडतो. रिकाम्या धावपट्टीवर तासात जास्त लँडिंग होतात, पण टॉवरशी बोलायची सवय कमी लागते. मला सुरुवातीसाठी रिकामी पट्टी जास्त उपयोगाची वाटली.

आता चांगलं, आणि ते मनापासून. माझे इन्स्ट्रक्टर आवाज चढवत नाहीत. सेस्ना 172 मध्ये मी वारा बघून आधीच रडर (शेपटीचं सुकाणू) द्यायचे आणि विमान वाकडं यायचं, तेव्हा त्यांनी एका सकाळी फक्त धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवर, न टेकवता, मधल्या रेषेवर विमान धरून न्यायला लावलं. पुन्हा पुन्हा तेच. त्यानंतर क्रॉसविंडची (आडव्या वाऱ्याची) भीती गेली. या विमानाच्या पुस्तकात 15 नॉटचा क्रॉसविंड चाचणीत पेलून दाखवल्याचं लिहिलेलं आहे, सोलो (एकट्याने उडणाऱ्या) विद्यार्थ्याला संस्था त्याच्या बऱ्याच खाली थांबवते, आणि ते मला पटतं. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी, हवामानाचं ब्रीफिंग, इंधन डोळ्यांनी बघणं, हे इथे कुणी कधी टाळलेलं मी बघितलं नाही. पहिल्या सोलोला उजवी सीट रिकामी होती आणि विमान हलकं होऊन भराभर वर चढलं. सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) पूर्ण करून उतरले तेव्हा आधी बाबांना फोन केला. ते बागेत होते, काही बोललेच नाहीत, मग आईला फोन दिला.

मुलींच्या पालकांसाठी: होस्टेल वेगळं आहे, वॉर्डन बाई आहेत, वर्गात आम्ही बऱ्यापैकी आहोत. भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण 15 टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. मेसमध्ये मासळी मिळत नाही, घरून सुकट न्या.

डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सर्वात वरच्या ए प्लस प्लस आणि ए प्लस या श्रेणी एकाही संस्थेला मिळाल्या नाहीत. यादी जरूर बघा, पण डिस्पॅचजवळ उभं राहणं तिच्यावर सोडू नका. अपघातांचे अहवाल एएआयबीच्या (विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर असतात, तेही वाचा. कुठे काय चुकलं ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

नोकरीबद्दल थोडक्यात. पायलटांची टंचाई म्हणून जी बातमी येते तिने नव्या सीपीएलधारकाची रांग आपोआप पुढे सरकत नाही. त्याला टाइप रेटिंग आणि लाइन ट्रेनिंग (एअरलाइनच्या नेहमीच्या उड्डाणांवरचं प्रशिक्षण) व्हायचं असतं, आणि कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना, म्हणजे किमान 1500 तास. परवाना मिळाल्यावर वर्ष-दीड वर्ष थांबलेले माझ्या ओळखीचे आहेत. तेवढा काळ व्याज भरायची तजवीज घरी आहे का, हे आधी बोलून घ्या.

पुन्हा हीच संस्था घेईन का? शिकवण्यासाठी घेईन, पण तीन गोष्टी करारात लिहून घेऊन. फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांनी. महिन्याला किमान तास, हवामानाचे दिवस वगळून. आणि सोडून जायचं झालं तर उरलेले पैसे किती दिवसांत परत. पहिली मला मिळाली, दुसरी-तिसरी त्यांनी नाकारली. माझ्यानंतरच्या बॅचमधल्या चौघांनी एकत्र जाऊन तिसरी मिळवली, तेव्हा एकटे जाऊ नका.

प्रवेश सप्टेंबरच्या शेवटी घ्या, म्हणजे कोरडे महिने पुढे राहतात. मला आता 300 नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री (दुसऱ्या विमानतळांपर्यंतची लांब फेरी) आणि रात्रीची लँडिंग करायची आहेत. एक विमान देखभालीतून परत आलंय, दुसऱ्याची वाट बघतोय. ते झाल्यावर खालीच पुढचं लिहीन. कणकवली, मालवण, राजापूरकडच्या कुणाला क्लास वनची कागदपत्रं किंवा बँकेचं काही विचारायचं असेल तर विचारा, मी उत्तर देते.