तेरा कप्प्यांची एक्स्पांडिंग फाईल: सुटकेनंतरच्या कागदांसाठी कितपत कामाची?

तुरुंगातून सुटल्यावर पहिले काही महिने निम्मी धावपळ कागदांचीच. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून खोली मिळत नाही, आणि खोली नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. अशा वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या कागदांपेक्षा ही फाईल शंभर पटींनी बरी. मात्र घेताना तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, माप. बाजारात बहुतेक फायली ए-फोरच्या, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कोर्टाची नक्कल लीगल कागदावर असेल तर तो ३५६ मिलिमीटर लांब असतो. मग खालचा भाग दुमडावा लागतो आणि घडी नेमकी सही-शिक्क्यावर येते. दहा वेळा उघडझाप झाली की शिक्का वाचता येत नाही. त्यामुळे लीगल मापाचीच घ्यावी.

दुसरी, प्लॅस्टिक. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको. त्याला झेरॉक्सची शाई चिकटते आणि कागद काढताना अक्षरं प्लॅस्टिकवरच राहतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हा त्रास नाही. दंड भरल्याची पावती थर्मल कागदाची असेल तर ती कुठेही ठेवली तरी फिकी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र टाचावेत.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, रंग. पारदर्शक फाईल नकोच. घरमालकासमोर ओळखपत्र काढताना सुटकेचा दाखला सगळ्यांना दिसतो आणि बोलणं तिथंच थांबतं. माहिती कधी आणि किती सांगायची हे त्या माणसाच्या हातात राहायला हवं. नोकरीच्या अर्जात थेट विचारलं असेल तर खोटं लिहू नये, ती गोष्ट वेगळी. फाईलसोबत येणाऱ्या चिठ्ठ्यांवरही ‘कोर्ट’, ‘जेल’ असं न लिहिता नुसते आकडे घालावेत.

कप्पे असे लावलेले सोयीचे पडतात: १ मध्ये आजच्या कामाचे कागद आणि हजेरीच्या तारखा, २ मध्ये ओळखपत्रं, ३ मध्ये बँक, ४ मध्ये औषधांच्या चिठ्ठ्या, ५ मध्ये आत असताना केलेल्या कामाची, शिक्षणाची प्रमाणपत्रं. कोर्टाचं सगळं १२ आणि १३ मध्ये, अगदी मागे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह, १ मध्येच राहू द्यावी. खिडकीवर ‘अर्ज आलाच नाही’ म्हणतात तेव्हा तीच कामी येते.

इलॅस्टिक ही या फायलीची दुखरी जागा. त्याची गाठ भोकातून निसटते. आतून गाठीखाली शर्टाचं बटण ओवलं की निसटत नाही. कप्प्यात वीस-पंचवीसच्या वर कागद भरले की तळाचा सांधा उसवतो.

निवारागृहात किंवा सामायिक खोलीत राहणाऱ्यांनी मूळ प्रती रोज सोबत घेऊन हिंडू नये. झेरॉक्सचे दोन संच फाईलमध्ये, मूळ कागद कुलपात. चेनची फाईल त्यासाठी पुरत नाही. चेनला लहान कुलूप लागलं तरी अख्खी फाईलच उचलून नेता येते.