गिझरच्या कनेक्शनचा गंज: पितळी निपल आणि जाळीचे पाइप, दोन पावसाळ्यांनंतर

पाणी बोअरचं, मधूनच टँकरचं. 15 लिटरचा स्टोरेज गिझर आणि जेमतेम हवा खेळणारं बाथरूम. गंजलेले जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) निपल, म्हणजे आट्यांचे छोटे जोडतुकडे, काढून पितळी निपल आणि स्टीलच्या जाळीचे 18 इंची कनेक्शन पाइप लावले, त्याला दोन पावसाळे झाले. गरम बाजू अजून स्वच्छ आहे. थंड बाजूचा पाइप मात्र एकदा बदलावा लागला, आणि दोष पाइपाचा नव्हताच.

पाणी तापलं की फुगतं. 25 अंशांवरून 65 अंशांवर जाताना 15 लिटर पाणी साधारण पाव लिटरने वाढतं. मागे नॉन-रिटर्न झडप (पाणी उलटं लाइनमध्ये जाऊ न देणारी) असल्याने हे जादा पाणी मल्टी-फंक्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे थंड बाजूच्या जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून, थेंब थेंब बाहेर पडतं. व्हॉल्व्ह बिघडला असं समजून लोक ते तोंड बंद करतात. ते जिवावर बेतू शकतं, टाकीतला दाब मग जाणार कुठे? पण थेंब नटावर पडत राहिले तर नट कायम ओला राहतो आणि क्षार साचतात. व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून ती उताराने मोरीकडे सोडली, की निम्मी कटकट संपते. नळीचं टोक उघडंच ठेवायचं.

दुसरा शत्रू संडास धुण्याचं अ‍ॅसिड. त्यातल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या वाफा 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही खातात. जाळीवर तांबूस ठिपके येतात, मग एकेक तार तुटते आणि आतली रबरी नळी फुगून फुटते. जाळीची तार तुटलेली दिसली तर पाइप त्याच दिवशी बदला.

खरेदीत चुंबकावर विसंबू नका. ओढून बारीक केलेली 304 ची तारही थोडी चिकटते. नट तपासा: आतल्या बाजूला कानस हलकी फिरवा. पिवळं निघालं तर पितळ, पांढुरकं निघालं तर जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. असा नट गरम पाण्यावर तडकतो. पाइप स्वस्त मिळतो तो बहुधा याच नटामुळे.

बसवताना आधी एमसीबी पाडा, अँगल कॉक बंद करा, गरम पाणी निवू द्या. नट जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. पाने दोन हवेत: एकाने गिझरकडचं निपल धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. हे निपल बदलायचं नसतं, ते टाकीला वेल्ड केलेलं असतं. ते पिळलं गेलं तर टाकीच जाते. टेफ्लॉन टेप धातूच्या आट्यांवर, आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, पातळ टेप असेल तर 8 ते 10 वेढे. कनेक्शन पाइपाच्या नटात रबरी वायसर असतो, तिथे टेप नको. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा पुरतो. जास्त आवळलं की वायसर कापला जातो. मग गरम नळ उघडून सलग धार येऊ द्या, त्यानंतरच बटण. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

भिंतीतली लाइन जी.आय. असेल तर पितळ थेट तिला जोडू नका. ओल्या सांध्यात दोन धातू भिडले की जस्ताचा थर आधी जातो, मग लोखंड. मध्ये पितळी आट्यांचा सीपीव्हीसी (गरम पाण्याचं प्लास्टिक) अडॅप्टर चालणार नाही, कारण त्याचं पितळच जी.आय.ला भिडतं. प्लास्टिकच्या आट्यांचा घ्या, आणि तोही थंड बाजूलाच.

गंज कुठला हे रंगावरून कळतं. हिरवट-निळी भुकटी म्हणजे पितळेवर पाझर. पितळ गुलाबी पडलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय, निपल बदला. दोन्ही नळांना तांबूस पाणी येत असेल तर संशय लाइनवर. फक्त गरम नळाला येत असेल तर टाकीवर. तेव्हा टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड काढून बघा, टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. खाऱ्या पाण्यात तो वर्षातून एकदा बघावाच लागतो. नुसती तार उरली असेल तर नवा रॉड आणि फ्लँजचा (टाकीच्या बोल्ट लावलेल्या झाकणाचा) गॅस्केट एकदमच बदला. पण पाणी निपलच्या आट्यांतून न येता बाहेरच्या आवरणाच्या आतून झिरपत असेल, तर टाकी फुटलीय. त्या गिझरवर नवे पाइप घालू नका.