कार्बोरेटर खोलायचा की सीडीआय बदलायचा? जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड चालू होत नसेल तर

पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी ऑगस्टमध्ये पाण्यात लोटली, की जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचं इंजिन) हमखास रुसतं. दोरी ओढून खांदा भरून येतो आणि सल्ले दोनच मिळतात: कार्बोरेटर साफ कर, नाहीतर सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदल. पहिल्यात अर्धा दिवस आणि गॅस्केटचा किट जातो. दुसऱ्यात त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, शिवाय इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही.

आधी फुकटातलं बघून घ्या. स्टॉप स्विचची क्लिप जागेवर आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो ना. मग चोक देऊन दहा वेळा दोरी ओढा आणि स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगीकडे बघा.

प्लग कोरडा आणि ठिणगी चांगली असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल घालून प्लग बसवा. इंजिनाचा पाय पाण्यात असू द्या, नाहीतर इम्पेलर (थंड करणारं पाणी ओढणारा रबरी पंखा) जळेल. दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं तर दोष इंधनाच्या बाजूला. फुगा दाबत राहिलं की चालतं आणि सोडलं की मरतं, असं असेल तर मात्र कार्बोरेटरला हात लावू नका. फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असतो किंवा नळीतून हवा ओढली जात असते.

कार्बोरेटर का तुंबतो? पेट्रोल उडून जातं आणि पायलट जेटच्या (मंद चालीचं पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या) बारीक भोकात चिकट राळ उरते. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, तेव्हा बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी तळाशी वेगळं दिसेल. जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. स्प्रे आणि हवेचा दाब पुरे. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा.

ठिणगी नसेल तरी सीडीआय विकत घेण्याची घाई नको. सगळ्याच सिलिंडरला ठिणगी नसेल तर स्टॉप स्विचची वायर सुटी करून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचचा, आणि तो स्वस्तात सुटतो. (वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर चोक ओढून बंद करावं लागतं.) एकाच सिलिंडरला नसेल तर दोन सिलिंडरांच्या इग्निशन कॉइल अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर संशय पल्सर कॉइलवर (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी) किंवा सीडीआयवर. ही तपासणी सिलिंडरमध्ये पेट्रोल घालण्याआधीच करायची, उघड्या भोकाजवळ ठिणगी म्हणजे आग. साधारण खूण अशी: चालता चालता खटकन बंद पडलं तर इग्निशन, ठेवून ठेवून बिघडलं तर कार्बोरेटर.

पैसे कशावरही घालण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळे प्लग काढून त्यांच्या वायरी अर्थ करा (इंजिनाच्या धातूला जोडा), थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा वर सरकायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर रिंगा किंवा हेड गॅस्केट गेलेलं असतं. अशा इंजिनात नवा सीडीआय घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.